कॅनडातल्या ओंटारिओत पीएसडब्ल्यूचा कोर्स करावा का? नोकरी टिकते का आणि पुढे काही वाव आहे का?

शेवंती

नमस्कार मंडळी. आम्ही ओंटारिओत येऊन आता बऱ्यापैकी स्थिरावलोय, पीआर (कायम राहायचा परवाना) आहे, मुलं शाळेत जातात, नवऱ्याची नोकरी ठीकठाक चालू आहे. मी तिकडे पतपेढीत हिशेबाचं काम करायचे, इथे आल्यापासून गोदामात पॅकिंग करतेय आणि आता त्याचा अगदी वीट आलाय. पर्सनल सपोर्ट वर्करचा (पीएसडब्ल्यू, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांचं अंगावरचं सगळं करणारा मदतनीस) कोर्स करावा असं बरेच दिवस मनात घोळतंय. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं मीच केलं, अंघोळ, जेवण, डायपर, रात्री उठून कूस बदलणं, आणि खरं सांगायचं तर मला ते काम जड गेलं नाही, माणसाच्या उपयोगी पडतोय असं वाटायचं.

पण विचारावं त्याचं उत्तर वेगळं. शेजारीण म्हणते डोळे झाकून कर, या देशात म्हातारी माणसं वाढतायत, कधी बेकार राहणार नाहीस. नवऱ्याच्या मित्राची बायको दोन वर्षांत सोडून आली, ती म्हणते कंबर जाते आणि पगारही धड नाही. भाऊ फोनवर म्हणतो एवढं शिकून हेच करायचं होतं का. एका खासगी कॉलेजात चौकशी केली तर त्या बाई म्हणाल्या सहा महिन्यांत कोर्स, लगेच नोकरी, उद्याच फॉर्म भरा.

मी चाळिशीत आहे. माझे प्रश्न साधे आहेत. फुल टाइम नोकरी खरंच मिळते का? शरीर किती वर्षं साथ देतं? आणि यातून पुढे नर्सिंगकडे जाता येतं का, की जन्मभर तिथेच? जे प्रत्यक्ष करतायत त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

रात्रपाळी

ताई, मी बरीच वर्षं लाँग टर्म केअर होममध्ये आहे, म्हणजे परावलंबी म्हातारी माणसं कायमची राहतात तिथे, आधी डे शिफ्ट, आता नाइट. तुमची शेजारीण आणि ती सोडून आलेली बाई, दोघीही खरं बोलतायत.

माणसं कमी आहेत हे शंभर टक्के खरं. पण माणसं कमी आहेत म्हणजे तुम्हाला उद्या फुल टाइम मिळेल असं मात्र नाही, हे कॉलेजवाले कधीच सांगत नाहीत. बहुतेक होममध्ये सुरुवात कॅज्युअल किंवा पार्ट टाइम लाइननेच (लाइन म्हणजे रोस्टरमधली जागा) होते, दोन आठवड्यांत ठरलेल्या मोजक्या शिफ्टा आणि बाकी फोन आला की जायचं. फुल टाइम लाइन रिकामी झाली की सीनियॉरिटीने जाते. म्हणून बायका दोन दोन ठिकाणी काम करतात, सकाळी एका होममध्ये, संध्याकाळी दुसऱ्या. कोविडमध्ये एप्रिल २०२० ला सरकारने हुकूम काढला की एकाच होममध्ये काम करायचं, तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं की किती जणींचं पोट दोन नोकऱ्यांवर चाललंय. त्याच वर्षी प्रांताने स्टाफिंगचा अभ्यास करून घेतला, त्यात निघालं की जवळपास निम्मे पीएसडब्ल्यू पाच वर्षांच्या आत हे क्षेत्रच सोडतात. मला त्याचं काही नवल वाटलं नाही.

का सोडतात ते सांगते, डे शिफ्टच्या सकाळवरून कळेल. सातला रिपोर्ट. तुमच्या वाट्याला आठ ते दहा रेसिडेंट, म्हणजे तिथे राहणारी माणसं. साडेआठला सगळे नाश्त्याच्या टेबलावर हवेत. म्हणजे दीड तासात दहा जणांना उठवायचं, टॉयलेट, तोंड धुणं, दात, कपडे, ऐकायचं मशीन, चष्मा, व्हीलचेअर. त्यातल्या दोघा-तिघांना मशीनच्या लिफ्टने उचलायचं, आणि लिफ्टला दोन माणसं लागतातच, तो नियम आहे. आता एक जण सिक कॉल करून आली नाही आणि बदली मिळाली नाही तर त्या दिवशी आपण शॉर्ट, तिचे रेसिडेंट आपल्यात वाटले जाणार आणि लिफ्टला जोडीदारीण शोधत कॉरिडॉरभर फिरायचं. इथेच कंबर जाते. वेळ नाही म्हणून बायका एकटीने लिफ्ट चालवतात नाहीतर हाताने उचलतात. ताई, काहीही झालं तरी एकटीने उचलू नका, नाश्ता उशिरा झाला तर होऊ दे, कोणी बोललं तर ऐकून घ्या.

आणि हे सगळं डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या माणसांबरोबर. माझ्याकडे एक आजी होत्या, अंघोळीला नेलं की मुठी आवळायच्या, ओरडायच्या, एकदा चावल्याही. घाईत दोघींनी धरून अंघोळ घातली की पुढच्या वेळी त्या दारातच अडायच्या. मग एका जुन्या बाईने मला शिकवलं, समोरून जायचं, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचं, पाणी डोक्यावर आधी घालायचंच नाही, पायापासून सुरुवात करायची, गरम टॉवेल खांद्यावर टाकायचा आणि एक नॅपकिन त्यांच्या हातात द्यायचा म्हणजे त्या स्वतःच हात पुसायला लागतात. वीस मिनिटं लागायची पण एकही ओरडणं नाही. कायद्याने रेसिडेंटला आठवड्यात कमीत कमी दोनदा अंघोळ मिळालीच पाहिजे. पण ती वीस मिनिटं रोस्टरमध्ये कोणी लिहीत नाही, आणि ज्या बाया मनापासून काम करतात त्यांना ह्याचाच जास्त त्रास होतो. थकव्यापेक्षा, आज आपण नीट केलं नाही ही टोचणी घेऊन घरी जावं लागतं.

थोडी सुधारणा झालीय तेही सांगते. नवा लाँग टर्म केअरचा कायदा आला, त्यात ३१ मार्च २०२५ पर्यंत दर रेसिडेंटमागे रोज चार तास प्रत्यक्ष केअर असं लक्ष्य ठेवलं होतं. पण ते नर्स आणि पीएसडब्ल्यू मिळून आणि तेही सरासरी, त्यामुळे तुमच्या मजल्यावर तुमच्या शिफ्टला काय असेल ते होम-होमवर आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये होममधल्या आणि होम केअरवाल्या (लोकांच्या घरी जाऊन करणाऱ्या) पीएसडब्ल्यूंना तासाला ३ डॉलर वाढवून दिले, हॉस्पिटलवाल्यांना २, ते २०२२ मध्ये कायम झाले. आता बहुतेक युनियनवाल्या होममध्ये वीस-बावीसच्या पुढे मिळतात, सीनियर झालात की अजून.

होम निवडताना महापालिका किंवा रीजन चालवते ते होम आधी बघा. दक्षिण ओंटारिओत प्रत्येक मोठ्या म्युनिसिपालिटीला किंवा रीजनला कायद्याने निदान एक होम चालवावंच लागतं. तिथे पगार बरा, ओमर्सचं (महापालिकांच्या नोकरांच्या फंडाचं) पेन्शन, आणि लोक टिकतात, म्हणून जागाही लवकर निघत नाहीत. पण कॅज्युअल म्हणून का होईना तिथे शिरकाव करून घ्या.

गोदाकाठ

मी होम केअरमध्ये आहे, म्हणजे लोकांच्या घरी जाऊन करतो. ताईंनी होमचं लिहिलंय, मी घरच्या कामाचं लिहितो कारण एजन्सीवाले नवीन माणसाला आधी इथेच घेतात आणि मुलं लहान असली की बायकांना वाटतं हे सोयीचं पडेल.

सोयीचं पडत नाही, हे आधी लक्षात घ्या. लोकांना मदत लागते कधी, तर सकाळी उठताना आणि रात्री झोपताना. म्हणजे काम सकाळी सात ते अकरा आणि मग संध्याकाळी चार ते नऊ, मधले तास मोकळे आणि बिनपगारी. नेमकी मुलं घरात असतात तेव्हाच आपण घराबाहेर. गाडी स्वतःची, एका क्लायंटकडून दुसऱ्याकडे जायचा वेळ कुठे भरून मिळतो कुठे नाही, किलोमीटरचे पैसे मिळाले तरी पेट्रोल, टायर, इन्शुरन्स धरलं तर हातात फारसं उरत नाही. क्लायंट हॉस्पिटलात भरती झाला की तुमचे तेवढे तास गेले. जानेवारीत बर्फात सकाळी सहाला गाडी खरवडून निघायचं आणि पोचल्यावर कळायचं की आज नको म्हणतायत. होमपेक्षा पगारही कमी. इथलं तासाचं जुनं किमान १६.५० होतं, त्यावर ते ३ डॉलर मिळून १९.५० झालं, पुष्कळ लोक त्याच्या थोडं वरच अडकलेत. काम सारखंच, अंघोळ तीच, डायपर तोच, पण घरात केलं तर स्वस्त आणि इमारतीत केलं तर महाग, हा हिशेब मला कधीच पटला नाही आणि माणसं होम केअर सोडून होममध्ये आणि होम सोडून हॉस्पिटलात पळतात ती ह्याचमुळे.

चांगली बाजू पण आहे. एका वेळी एकच माणूस. घाई करायला मागे नऊ जण नसतात. माझे एक आजोबा आहेत, स्ट्रोक झालेले, त्यांना शर्टाची बटणं स्वतः लावायची असतात, पंधरा मिनिटं लागतात, मी बसून राहतो, होममध्ये मला हे कोणी करू दिलं नसतं. पुरुष म्हणून एक अडचण येते, बऱ्याच आजी नको म्हणतात आणि ते बरोबरच आहे, पण जड माणसं उचलायची असली की एजन्सी मलाच फोन करते.

ओशावाकर

कडू बोलतोय, माफ करा, पण माझी बायको ह्याच कामात खांदा निकामी करून बसलीय म्हणून लिहितो. २०२० साली कोविडमध्ये सैन्य पाच होममध्ये पाठवावं लागलं आणि त्यांचा मे महिन्यातला रिपोर्ट वाचून सगळ्या देशाला धक्का बसला. ज्या बाया त्या आधी कित्येक वर्षं आम्हाला माणसं द्या म्हणून सांगत होत्या त्यांना कोणी विचारलं होतं का? नंतर हीरो म्हटलं, टाळ्या वाजवल्या, आणि दुसरीकडे २०१९ चं बिल १२४ तसंच ठेवून सरकारी हॉस्पिटल आणि ना-नफा होमवाल्यांची पगारवाढ वर्षाला एक टक्क्यावर अडवली, महागाई कुठे गेली होती तेव्हा! शेवटी २०२२ मध्ये कोर्टाने तो कायदा रद्द केला, २०२४ मध्ये वरच्या कोर्टातही सरकार हरलं, पण तोवर किती जणी निघून गेल्या.

शेवंतीताई, करायचं तर करा, पण एक लक्षात ठेवा. पाठीत किंवा खांद्यात चमक भरली की त्याच शिफ्टमध्ये सुपरवायझरला लेखी कळवायचं, डॉक्टरकडे जाऊन कामावर लागलंय असं स्पष्ट सांगायचं आणि डब्ल्यूएसआयबीचा (कामावरच्या दुखापतीची भरपाई देणारी प्रांताची संस्था) फॉर्म ६ स्वतः भरायचा. सहा महिन्यांची मुदत असते. बायका दोन दिवस आराम करून परत कामावर जातात, मग चार महिन्यांनी एमआरआय होतो आणि तेव्हा घरी लागलं की कामावर हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. होम केअरच्या वेळांचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता नर्सिंगचं कोणी सांगेल का? माझं बी.कॉम. आहे, सायन्स दहावीनंतर सुटलं.

निळी छत्री

मी पीएसडब्ल्यू होते, आता आरपीएन (रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स) आहे, तर मी सांगते.

वाट आहे, पण आपोआप होत नाही. पीएसडब्ल्यूची कितीही वर्षं काढली तरी तुम्ही नर्स होत नाही, प्रॅक्टिकल नर्सिंगचा दोन वर्षांचा डिप्लोमा करावाच लागतो, काही कॉलेजांत पीएसडब्ल्यूंसाठी ब्रिजिंग आहे त्यात थोडं वाचतं. मग रेक्स-पीएन परीक्षा आणि कॉलेज ऑफ नर्सेसचं (ही शाळा नाही, नर्सेसची नोंद ठेवणारी संस्था) रजिस्ट्रेशन. तुमचा अडथळा सायन्सचा. प्रवेशाला साधारण बारावीचं इंग्लिश, गणित, बायोलॉजी आणि केमिस्ट्री मागतात. त्यासाठी सरकारी कॉलेजांत मोठ्या माणसांसाठी एसीई नावाचं अपग्रेडिंग असतं, फुकट आहे, आणि ते पीएसडब्ल्यूचं काम करता करताच उरकून टाका, नंतर बघू म्हटलं की राहून जातं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, किती हुशार बायका दर वर्षी पुढच्या सप्टेंबरला करू म्हणतात.

फीसाठी बिगिन नावाची योजना आहे, पीएसडब्ल्यूचं आरपीएन व्हायचं तर वर्षाला ६,००० डॉलरपर्यंत फीची मदत, आरपीएनचं आरएन (त्याच्या वरची, रजिस्टर्ड नर्स) व्हायचं तर १०,००० पर्यंत. बदल्यात शिकून झाल्यावर ठरावीक काळ लाँग टर्म केअर किंवा होम केअरमध्ये काम करायचं. मी वीकेंडच्या शिफ्टा ठेवल्या आणि आठवडाभर कॉलेज. घरच्यांची साथ नसती तर जमलं नसतं, हे लपवण्यासारखं नाही.

आणि नर्सिंग हीच एक वाट नाही. होममध्ये बिहेवियरल सपोर्टची टीम असते, त्यात पीएसडब्ल्यूही घेतात, डिमेन्शियाचा माणूस का चिडतो ते शोधून बाकीच्यांना शिकवायचं काम, उचलणं कमी. रिस्टोरेटिव्ह केअर (हालचाल परत यावी म्हणून), पॅलिएटिव्ह (शेवटच्या आजारातली सेवा), अॅक्टिव्हिटी आहे. आणि ताई तुम्ही हिशेबातल्या, तुमच्यासाठी शेड्युलिंग! शिफ्ट भरणारी क्लार्क जर स्वतः मजल्यावर राबलेली असेल तर तिला कळतं कुठे कोण कमी पडेल. गुडघे बोलायला लागतील तेव्हा ही जागा लाखमोलाची असते, मी अशा दोघीजणी बघितल्यात.

नवीन पाखरू

मी महाराष्ट्रातून लिहितोय. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय. एक एजंट म्हणतो केअरगिव्हर म्हणून कॅनडाचा पीआर करून देतो, जॉब ऑफरसकट, पंधरा लाख. घरचे जमीन विकायला तयार आहेत. करावं का?

ओशावाकर

भाऊ, जमीन विकू नका. नोकरी देण्यासाठी पैसे घेणं इथे बेकायदा आहे, जो मागतो तो फसवतोय असंच धरून चाला. जे होम केअर वर्कर पायलट (प्रायोगिक पीआर योजना) म्हणून सांगतायत ते ३१ मार्च २०२५ ला उघडलं आणि त्याच दिवशी जागा भरल्या, तेही कॅनडात आधीच असलेल्यांसाठी होतं. सल्ला घ्यायचाच तर लायसन्सवालाच माणूस, इमिग्रेशन सल्लागारांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या (तिला कॉलेजच म्हणतात) वेबसाइटवर त्याचं नाव शोधून बघा.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. कामांच्या सरकारी यादीत होम किंवा हॉस्पिटलमधला पीएसडब्ल्यू ३३१०२ मध्ये धरतात आणि लोकांच्या घरी काम करणारा ४४१०१ मध्ये. पहिला अनुभव एक्सप्रेस एंट्रीला (पीआरच्या मुख्य योजनेला) चालतो, दुसरा चालत नाही. इथे शिकायला आलेली कित्येक मुलं घरच्या एजन्सीत वर्ष काढतात आणि मग कळतं की ते मोजलंच जात नाही. आणि खासगी करिअर कॉलेजातून शिकलं तर शिकून झाल्यावरचं वर्क परमिट मिळत नाही. तुमचं जीएनएम आहे तर तिथे हॉस्पिटलचा अनुभव वाढवा, इंग्लिशची परीक्षा द्या आणि नर्स म्हणूनच यायचं बघा. पंधरा लाख देऊन पीएसडब्ल्यू व्हायला येऊ नका.

नवीन पाखरू

धन्यवाद दादा. आईला वाचून दाखवलं.

शेवंती

माझं जवळपास ठरलंय, करणार. पण खासगी कॉलेज नाही. शेवटचं एकच, इंटरव्ह्यूत आणि कॉलेज निवडताना काय विचारू? आणि ते नवीन रजिस्ट्रेशनचं काय ऐकतेय, सक्तीचं आहे का?

रात्रपाळी

सक्तीचं नाही, ऐच्छिक आहे. १ डिसेंबर २०२४ पासून प्रांताची नवी अथॉरिटी पीएसडब्ल्यूंची नोंद करतेय. मला विचाराल तर करा. इतकी वर्षं आमची कुठे धड मोजदादच नव्हती, कोण शिकलंय कोण नाही काही पत्ता नाही, आणि ज्याची मोजदाद नाही त्याचं दुखणं कोण ऐकणार.

कोर्स तीन ठिकाणी होतो, सरकारी कॉलेज, खासगी करिअर कॉलेज आणि स्कूल बोर्डाचं अॅडल्ट एज्युकेशन. हे तिसरं लोकांना माहीतच नसतं आणि सगळ्यात स्वस्त तेच पडतं, आपल्या भागातल्या बोर्डाला फोन करा. प्रांताची एक मदत मध्यंतरी होती, प्लेसमेंटला (कोर्समध्येच प्रत्यक्ष कामाचा सराव करतात त्याला) ५,४०० डॉलर आणि पास झाल्यावर होममध्ये किंवा होम केअरमध्ये वर्षभर राहिलात तर १०,०००, प्रवेश घ्यायच्या आधी ती तुमच्या बॅचला लागू आहे का ते कॉलेजलाच विचारा, लेखी उत्तर घ्या.

कॉलेजला विचारायचं प्लेसमेंट कुठे देणार. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण होमवाले प्लेसमेंटला आलेल्या मुलींमधूनच उचलतात, त्यांनी काम बघितलेलं असतं. तुम्हाला ज्या होममध्ये लागायचंय तिथलीच मागा, आधीच, सेमिस्टर सुरू झाल्यावर नाही.

इंटरव्ह्यूत विचारा: डे शिफ्टला एका पीएसडब्ल्यूकडे किती रेसिडेंट, इव्हिनिंगला किती. गेल्या महिन्यात किती वेळा शॉर्ट होतात. कोणी आलं नाही तर बदली कोण शोधतं. लिफ्ट किती आहेत आणि मजल्यावर सीलिंग लिफ्ट आहे का. पार्ट टाइमवरून फुल टाइम व्हायला गेल्या वेळी जी लागली तिला किती काळ लागला. शॉर्टचं विचारल्यावर मॅनेजरने सरळ आकडा सांगितला तर ते होम बरं असतं, मग आकडा वाईट असला तरी चालेल. "आम्ही इथे सगळे एक कुटुंब आहोत" असं म्हणून विषय बदलला तर दुसरीकडे अर्ज करा.